डोळे शेवटी

माझी एक सवय होती. चित्रातल्या माणसांचे डोळे मी अगदी शेवटी काढायचे. आधी निळ्या पेन्सिलीने कच्चं रेखाटन, मग काळी शाई, आणि सगळं मनासारखं जमलं की डोळे. डोळे आले की माणूस माझ्याकडे बघायला लागतो आणि मग त्याला खोडायचा धीर होत नाही. भिडस्त स्वभाव, दुसरं काय!

त्या दुपारी मुलांच्या पुस्तकाचं एक पान करत होते. खिडकी, पलंग, त्यावर झोपलेली मुलगी. मॉडेल फुकटात मिळालं होतं. माझी लेक, दीड वर्षाची, शेजारच्याच पलंगावर गाढ झोपलेली. पडदे ओढलेले, पंख्याची संथ घरघर, तासलेल्या पेन्सिलीचा लाकडी वास. प्रत्येक रेघेनंतर मी तिची छाती वरखाली होतेय ना, हे बघत होते. ती झोपली नाही की मला काळजी, आणि झोपली की जास्तच.

रेखाटनाचा फोटो संपादकताईंना पाठवला. लगेच फोन आला.

"झकास! त्या मागच्या बाईचे डोळे तेवढे राहिलेत ना?"

"कुठली बाई?"

"अगं, कोपऱ्यात उभी आहे ती. आजी आहे का? आपल्या गोष्टीत आजी नाहीये, पण..."

मी कागद पाहिला. पलंगामागच्या कोपऱ्यात एक उंच बाई उभी होती. रेघ निळी, आणि माझीच. हनुवटीपाशी थरथरलेली, माझी थरथरते तशी. झोप अपुरी, मीच काहीतरी गिरवलं असेल, असं म्हणत ती खोडली. चहाचं आधण ठेवून आले, तर बाई पलंगापाशी आलेली. वाकलेली. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

फाडावा म्हणून कागद उचलला... आणि लेकीने झोपेतच दोन्ही हात वर केले. कडेवर घे म्हणताना करते तसे. माझ्या दिशेने नाही... मागे, कोपऱ्याकडे. तिच्या गालावर एक निळा पट्टा उमटला होता. बोटभर. कुणीतरी चाचपून पाहावं तसा.

तिला उचलून बाहेर पळावं असं वाटलं. पण पळणार कुठे? चित्रातली मुलगी तिथेच झोपलेली राहणार होती. आणि कागद फाडला, तर तीही फाटणार होती.

पेन्सिल पुन्हा कधी हातात घेतली, आठवत नाही. टोक त्या बाईच्या चेहऱ्यावर टेकलं होतं. नेमकं डोळ्याच्या जागी. मनगट कुणीतरी हळूच ओढत होतं. तेव्हा कळलं... तिला दिसत नव्हतं. मी डोळे काढायची ती वाट बघत होती.

मी तशी बावळट. दुकानदाराने शिळा ब्रेड दिला तरी गुपचूप घरी आणते. पण त्या दिवशी मोठ्याने म्हणाले, "नाही देणार. खोडलं तरी परत येतेस ना? ये. हवी तितकी ये. डोळे माझ्या हातात आहेत, ते तुला मिळायचे नाहीत."

पेन्सिल खिडकीबाहेर भिरकावली आणि ब्रश शाईत बुडवला. कच्चं रेखाटन नाही, थेट शाई, न खोडता येणारी. ती बाई आणि पलंग यांच्या मधोमध मी स्वतःला काढलं, तिच्याकडे तोंड करून. विस्कटलेला अंबाडा, दुधाच्या डागांचा टी-शर्ट, सगळं जसंच्या तसं. पण सवय मोडून सगळ्यात आधी डोळे काढले. टक्क उघडे. पापण्या काढल्याच नाहीत.

मनगट सुटलं. बाई परत कोपऱ्यात उभी होती. लेक उठली, गाल चोळला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड भोकाड मी आजवर ऐकलं नव्हतं.

पुस्तक छापून आलं. मूळ कागद मी काच लावून लेकीच्या पलंगाशी टांगलाय. मुद्दाम.

काल नवरा चहा ढवळत म्हणाला, "तू हल्ली झोपेत डोळे मिटत नाहीस."

"कुठे बघत असते?"

"कोपऱ्याकडे." चमचा थांबला. "मग तुझी नजर हळूहळू सरकते... पलंगापर्यंत. परत कोपऱ्याकडे. परत पलंगाकडे. कुणीतरी येरझाऱ्या घालत असावं, तशी..."

"घालू दे," मी म्हटलं.