होकार आल्याशिवाय

भोंगा वाजला आणि मी हातातलं काम सोडलं.

आमच्या क्लीन रूममध्ये भोंगा वाजला की समजायचं, कुणीतरी आत धूळ घेऊन आलंय. तिथे आम्ही उपग्रहाला बसवायचा यांत्रिक हात जोडतो. त्याच्या सांध्यात धुळीचा कण गेला तर हात वर अवकाशात जाऊन अडकून बसणार, आणि तिथे चढून तो कण काढणार कोण? म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, मास्क, हातमोजे. माणसाचे फक्त डोळे दिसतात. मी मुळातच काळजी करण्यात पटाईत, त्यात नोकरीही अशी मिळाली की तिथे काळजी करण्याचाच पगार मिळतो.

सगळे जागच्या जागी थांबले. नियमच आहे तसा. मी धुळीचा मीटर घेऊन एकेकाजवळून गेले. आज पाहुणे आले होते. त्यांच्या घोळक्यातल्या एका उंच सुटाजवळ मीटरचा आकडा एकदम वर चढला.

"काय आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? काहीच नाही."

"टोपीखाली?"

त्याचा हात कानाकडे गेला आणि डोळे मोठे झाले. "अरे... पेन्सिल. सवयीने कानावरच राहिली."

"शिसं, लाकूड आणि वरून रंग," मी म्हणाले. "तुम्ही अख्खा कारखानाच घेऊन आलात की."

"मग शिक्षा काय?"

"बाहेर जा, सूट बदला, परत या. आणि डोकं झटकू नका. तुमच्या केसांचाही काही भरवसा नाही."

"पहिल्याच भेटीत केसांवर..." तो पुटपुटला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "हसलात ते दिसलं बरं का. डोळ्यांच्या कडेला."

मास्कचा एवढाच फायदा मला वाटत होता, तोही गेला.

तो वकील होता. अवकाशात शस्त्रं असावीत की नसावीत यावर लवकरच एक मोठी जाहीर चर्चा व्हायची होती. कायदा करणारे लोक समोर बसणार, सगळ्या देशाला थेट दिसणार. एका बाजूला आमच्यासारख्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला 'वर तरी शस्त्रं नकोत' म्हणणारे. वकील त्या दुसऱ्या बाजूचा. आमच्या कंपनीच्या प्रमुख मॅडमनी त्या लोकांना मुद्दाम बोलावलं होतं, की या, बघा, आम्ही काही लपवत नाही. चर्चेपर्यंत कधीही आत यायचा पास त्यांना दिला होता.

"गोड बोलेल," मॅडम मला म्हणाल्या. "जपून."

गोड बोललाच तो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये एक उंच माणूस चहाचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. चेहरा अनोळखी. पण चाल ओळखीची होती, डावा पाय जरा ओढल्यासारखी. आमच्याकडे माणसं चालीवरूनच ओळखावी लागतात.

"कारखाना," मी म्हणाले.

"चला, नाव तरी पडलं." त्याने पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. "मला एकच समजावून सांगा. तुमचा हात जुन्या उपग्रहाला पकडतो, इंधन भरतो, दुरुस्त करतो. छान आहे. पण जो हात आपला उपग्रह पकडू शकतो, तो दुसऱ्याचाही पकडेल. मुरगाळेल. ढकलून देईल. मग ते शस्त्रच झालं ना?"

"नाही झालं. आमचा हात विचारतो."

"विचारतो?"

"जवळ गेला की थांबतो. समोरच्या उपग्रहाकडून एक सिग्नल यावा लागतो. कागदावर त्याचं नाव हे एवढं लांब आहे, आम्ही त्याला होकार म्हणतो. होकार आल्याशिवाय बोटं मिटतच नाहीत."

तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. "माणसांपेक्षा बरा आहे म्हणायचा."

"काही माणसांपेक्षा," मी म्हणाले, आणि कान तापले म्हणून कपात बघत बसले.

पुढचे काही दिवस तो रोज यायचा. पिवळ्या रेषेच्या मागे हाताची घडी घालून उभा राहायचा. आमची एक पद्धत आहे, तिची त्याला फार गंमत वाटायची. नाजूक काम असलं की एकाने करायच्या आधी मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे, मगच हात लावायचा. "डावा स्क्रू सैल करतेय." "डावा स्क्रू सैल." दिवसभर हेच चालतं. घरीसुद्धा मी "गॅस बंद करतेय" असं म्हणते आणि वहिनी कंटाळून "गॅस बंद" म्हणते.

"म्हणजे तुम्ही काहीही करण्याआधी बोलून दाखवता?" त्याने एकदा विचारलं.

"काहीही."

"आता काय करताय?"

"तुमच्याकडे दुर्लक्ष करतेय."

"तुमच्याकडे दुर्लक्ष," तो अगदी शहाण्यासारखा म्हणाला. केव्हातरी आम्ही तुम्हीवरून तूवर आलो. आधी कोण घसरलं ते आठवत नाही, बहुतेक मीच.

आणि मग ती चाचणी आली.

हाताला नवीन प्रोग्राम घालायचा होता. ज्यांनी हात मागवला होता त्यांना होकाराची अट नको होती. होकार न येता बोटं मिटायला हवीत, निदान तशी सोय हवी. हे आम्हाला आठवड्यापूर्वी कळलं होतं आणि मॅडमनी बजावलं होतं, "ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये." माझी तेव्हापासूनच झोप उडाली होती. चाचणी खरं तर दुसऱ्या दिवशी ठरली होती, आणि त्या दिवशी पाहुण्यांना आत सोडायचं नव्हतं. पण मॅडमनी ती एक दिवस अलीकडे ओढली, आणि पाहुण्यांना कळवायचं राहून गेलं.

माझी जोडीदारीण नवे हातमोजे आणायला बाहेर गेली. मागे दार उघडलं, मिटलं, पांढरा सूट येऊन उभा राहिला. तीच असणार म्हणून मी वळून पाहिलं नाही. समोर हात होता, त्याच्यापुढे खोटा उपग्रह होता आणि माझं बोट बटणावर होतं.

"होकाराची अट काढलीय," मी मोठ्याने म्हणाले. "होकाराशिवाय बोटं मिटवतेय."

उत्तर आलं नाही.

"होकाराशिवाय बोटं मिटवतेय," मी पुन्हा म्हणाले. छतातून येणाऱ्या हवेचा तेवढा आवाज होत होता. मी वळले. सूट तोच, टोपी तीच, पण डोळे त्याचे होते. आणि त्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मी बटणावरून बोट उचललं.

"तू काही ऐकलं नाहीस," मी म्हणाले.

"ऐकलं."

"मग... विसर."

"कसं विसरू?" तो फार हळू बोलला आणि बाहेर निघून गेला. डावा पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता, की मलाच तसं वाटलं कोण जाणे.

संध्याकाळी तो फाटकाशी थांबला होता. मी मान खाली घालून पुढे जायला लागले, तर तो बरोबरीने चालू लागला.

"परवा मला एक प्रश्न विचारायला मिळणार," तो म्हणाला. "तो एक प्रश्न विचारला तर तुमच्या मॅडम तिथल्या तिथे गप्प होतील. पण तो मला तुझ्याकडून मिळालाय, आणि तू तो दिला नव्हतास. तू हो म्हणाल्याशिवाय मी तो वापरणार नाही."

"आणि तुझी माणसं?"

"त्यांना माहीत नाही."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस. मी एका बाजूचा वकील आहे." तो थांबला. "आणि दुसऱ्या बाजूच्या एका मुलीत जीव अडकलाय. माझ्या सल्ल्याला काय किंमत?"

असं कुणी सांगतं का... भर रस्त्यात, ट्रकचा धूर अंगावर येत असताना? घरापर्यंत ते वाक्य बरोबर आलं.

घरी वहिनी पाय वर करून बसली होती. दादा सैन्यात, दूर बर्फात चौकीवर. वहिनीला दिवस गेलेले. दादाचा फोन येतो तो उपग्रहावरून, म्हणून आमच्या घरात उपग्रहांचा विषय कधीच नुसता विषय नसतो. मी तिला सगळं सांगितलं. खोलीबाहेर न जायची गोष्ट माझ्या तोंडून आता दुसऱ्यांदा बाहेर गेली.

"मग त्यात वाईट काय?" वहिनी म्हणाली. "सीमेपलीकडच्यांनी आपला उपग्रह उचलला तर ह्यांचा फोन बंद. नुसता फोन नाही, वाट बंद, वादळाची खबर बंद. आपल्याकडे तसा हात असला तर ते जरा वचकून राहतील."

"आणि वचकून तेही तसाच हात बनवतील."

"मग आपण नाही बनवायचा?"

"मला माहीत नाही गं वहिनी. खरंच माहीत नाही."

"मला तर एवढंच कळतं की हे घरी यायला हवेत." तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "पण परवा त्या स्टेजवर तू काय दाखवणार आहेस?"

"हाच हात. होकार आल्यावर मिटणारा."

"आणि दुसरा?"

"दुसरा नाहीच, असं मॅडम सांगणार."

वहिनीने माझ्यासमोर ताट सरकवलं.

चर्चेच्या दुपारी सभागृह खचाखच भरलं होतं. स्टेजवर आमचा नमुन्याचा हात, त्याच्यापुढे खोटा उपग्रह, आणि बाजूला मी. मी सांगून करत होते, मॅडम तेच परत म्हणत होत्या. हात पुढे गेला, थांबला. होकाराचा हिरवा दिवा लागला तशी बोटं अलगद मिटली. टाळ्या पडल्या.

"होकार आल्याशिवाय आमचा हात कुणालाही धरत नाही," मॅडम माइकवर म्हणाल्या. "कधीच नाही."

मग वकिलाची पाळी आली. तो उठला. कानावर पेन्सिल होती. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही इतकं ओझरतं की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

"मला विचारायचंय," तो म्हणाला, आणि थांबला. "...या हाताला इंधन किती लागतं?"

त्याच्या बाजूच्या माणसांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी मागून कुजबुजलं, "हा एवढाच प्रश्न?" मॅडमनी खुशीत उत्तर दिलं. तो "आभारी आहे" म्हणून खाली बसला आणि पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. सगळ्यांसमोर त्याने स्वतःचं हसं करून घेतलं होतं. माझ्यासाठी. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी तो मला इतका आवडला, की मी माइककडे कधी गेले ते कळलंच नाही.

"मी बोलतेय," मी म्हणाले. सवयच ती. परत म्हणायला कुणी नव्हतं.

"तुम्ही आत्ता पाहिलात तो हात खरा आहे. पण त्याचा दुसरा प्रोग्रामही तयार आहे. त्यात होकार लागत नाही. त्याची चाचणी माझ्याच हातून व्हायची होती." मी मॅडमकडे न बघता पुढे म्हणाले, "तो असावा की नसावा, ते मला ठरवता येत नाही. माझा भाऊ चौकीवर आहे. कदाचित तो असायला हवाही असेल. पण तुम्ही इथे बसून ठरवणार, तर जो हात आहे त्याच्याबद्दल ठरवा. फक्त टाळ्या मिळवणाऱ्या हाताबद्दल नको."

सभागृहात एकदम गलका झाला. मॅडम माझ्याजवळ आल्या. चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "ओळखपत्र दे," हळूच म्हणाल्या. "उद्या आत येऊ नकोस. पुढचं मी कळवीन." मी गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं. ते इतकं हलकं होतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर वारा सुटला होता. फोनवर वहिनीचा निरोप होता. 'ह्यांचा फोन आला होता. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, ती लहानपणापासून अशीच आहे. रागावलेत की नाही ते कळलं नाही. तू आधी घरी ये.' मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला.

"तुझी नोकरी गेली माझ्यामुळे." तो दोन पायऱ्या खाली उभा होता, म्हणून प्रथमच आमचे डोळे एका उंचीवर आले.

"अजून गेली नाही, लटकलीय. आणि तुझ्यामुळे नाही, माझ्या मोठ्याने बोलायच्या खोडीमुळे." मी नाक पुसलं. "इंधन किती लागतं म्हणे. लाज नाही वाटली?"

"वाटली. खूप."

"उद्या काय होईल मला माहीत नाही. कदाचित चौकशी लागेल. कदाचित ते तो प्रोग्राम तरीही चालवतील. दादा कदाचित बोलणारही नाही माझ्याशी. मी काळजीनेच मरेन, तुला सांगून ठेवते."

"सांगून ठेवलंस ते बरं झालं," तो म्हणाला. मग त्याने घसा साफ केला, अगदी क्लीन रूममधल्यासारखा ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हात पुढे करतोय."

पायऱ्या उतरणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

"हात पुढे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हात पुढे आला आणि माझ्या हातापासून जेमतेम अंतरावर थांबला. बोटं उघडी होती. मला वाटलं, आता धरेल. धरला नाही. वारा माझे केस तोंडावर आणत होता, आत अजून गलका चालू होता, आणि तो तसाच उभा होता, वाट बघत.

"हात दुखेल तुझा," मी म्हणाले.

"दुखू दे."

मी काळजी करण्यासारखं सगळं एकदा मनात मोजून पाहिलं. भरपूर होतं. आणि तरीही...

"होकार आला," मी म्हणाले.

"होकार आला," त्याने शब्दन्‌शब्द परत म्हटलं, आणि मग त्याची बोटं मिटली.

त्याच्या बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलेलं होतं. ते माझ्या तळहाताला लागलं, आणि कुठेही भोंगा वाजला नाही.