काळ्या फितीची गाठ

चार माणसं जमिनीवर पडली आहेत. पहिला बोंब मारून सगळं रान डोक्यावर घेतोय. दुसरीच्या पायातून रक्त वाहतंय. तिसरी कण्हतेय. चौथा काहीच बोलत नाही. तुमच्याबरोबर मदतीला दोघंच आहेत. तुम्ही आधी कोणाकडे जाल?

आमच्या बोरढाण्यातले (ढाणा म्हणजे आमच्या मेळघाटातली लहानशी वस्ती) सगळे मोठे लोक सरावात पहिल्याकडे धावले आणि सगळे एकजात नापास झाले. मी, सोमती कासदेकर, इयत्ता सहावी, खिडकीतून बघत होते. मीही पहिल्याकडेच धावले असते, पण हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

"जो ओरडतोय तो श्वास घेतोय, एवढं तरी नक्की," डॉक्टरआजी म्हणाल्या. "जो गप्प आहे त्याचं काय चाललंय हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून गप्प माणसाकडे आधी जायचं."

डॉक्टरआजी म्हणजे डॉ. इरावती सोहोनी. पुण्यात चाळीस वर्षं हृदय आणि श्वास यांवर संशोधन करून त्या निवृत्त झाल्या आणि मग घरी स्वस्थ बसायचं सोडून डोंगराडोंगरांतून आपत्कालीन पथकं तयार करत फिरू लागल्या. तालुक्याहून उडती रुग्णवाहिका आमच्याकडे यायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर जखमी माणसाला जो हात लावतो, तो पहिला मदतनीस. आमच्या शाळेत त्या असे चार मदतनीस घडवत होत्या.

त्यांच्याबरोबर एक यंत्रमानव होता. कागदोपत्री त्याचं नाव 'रुग्णमानव', कारण रुग्णाचं सोंग करणं हेच त्याचं काम. तो दिवसातून दहा वेळा मरायचा, म्हणून ढाण्यातल्या लोकांनी त्याला मरतुकड्या म्हणायला सुरुवात केली. त्याला राग येत नसे. त्याच्या छातीवर दोन दिवे होते. लाल दिवा हृदयाचा, निळा श्वासाचा. मेल्यावर दोन्ही विझायचे आणि मग तो उठून नम्रपणे सांगायचा, "मी आपल्या चुकीमुळे मेलो. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

पथकात चौघं होते. गावाच्या आरोग्यसेविका रामकलीताई पथकाच्या प्रमुख. ट्रॅक्टरवाले बबनूकाका. माझा बा, किसन कासदेकर. आणि भुमकाबाबा. भुमका म्हणजे आमचा पुजारी आणि वैदूही. त्यांचं नाव सुखलाल धिकार, पण त्या नावानं त्यांना फक्त डॉक्टरआजी हाक मारायच्या.

पथकाला चार रंगांच्या फिती मिळाल्या होत्या. लाल म्हणजे ताबडतोब मदत हवी. पिवळी म्हणजे थोडं थांबता येईल. हिरवी म्हणजे चालता-बोलता माणूस. हनुवटी वर करून श्वासाचा मार्ग मोकळा केला, तरी श्वास येत नाही, त्याला काळी. काळी बांधायची आणि पुढच्याकडे जायचं. याला क्रमवारी (कोणाला आधी मदत द्यायची ते ठरवणं) म्हणतात.

"काळीवाल्याले तसंच सोडून द्यायचं?" बानं विचारलं होतं.

"जखमी पुष्कळ आणि हात थोडे असले की हो. एकापाशी थांबलो तर वाचू शकणारे दोघं जातात," डॉक्टरआजी म्हणाल्या.

फितींची पंचाईत निराळीच झाली. सरावात कोणी जखमी झाला की लोक मध्ये पडायचे. "हा माहा मामेभाऊ हाय, याले लाल बांधा!" आणि पिवळी सोडून लाल बांधायचे. शेवटी रामकलीताईंनी तोड काढली. फिती भुमकाबाबांनी बांधायच्या. आमच्याकडे भुमक्यानं बांधलेली गाठ भुमकाच सोडतो, तीही तिची वेळ भरल्यावर. दुसरं कोणी हात लावत नाही. एकदा बबनूकाकांच्या म्हशीनं शिंगाला बाबांनी बांधलेला दोरा झाडाला घासून तोडला, तर बबनूकाका आठवडाभर म्हशीच्या वतीनं माफी मागत फिरत होते. त्यामुळे बाबांनी फीत बांधली की वाद संपायचा. डॉक्टरआजींना ही युक्ती फार आवडली.

एप्रिल महिना होता, मोह वेचायचे दिवस. शाळेमागच्या खळ्यात सगळ्यांची मोहाची फुलं वाळत घातलेली. दुपारी तीनच्या सुमारास अचानक आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि लांब कुठेतरी गडगडलं. डॉक्टरआजींनी शिकवणं थांबवून पथकाला आणि बघायला जमलेल्या आम्हा सगळ्यांना वर्गात बसवलं आणि दारं लावून घेतली. पण फुलं भिजणार म्हटल्यावर बाचा जीव राहीना. तो मागच्या रांगेतून हळूच सटकला. खळ्यात झिंगी आजी आणि फुलय काकू आधीच धावपळ करत होत्या. पाऊस जोरात आला तसे तिघं खळ्याकाठच्या मोठ्या मोहाखाली उभे राहिले.

सगळं पांढरंफेक झालं आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. उजेड लगेच दिसतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. दोन्ही एकदम आले, म्हणजे वीज अगदी जवळ पडली होती.

पथक खळ्याकडे धावलं. आभाळ अजून कडाडत होतं, म्हणून त्यांनी तिघांना झाडाखालून उचलून वर्गातच आणलं. डॉक्टरआजी उपग्रह-फोनवरून रुग्णवाहिका बोलवायला शेजारच्या खोलीत धावल्या.

झिंगी आजी हातपाय झाडत ओरडत होती, "माह्या पायाले आग लागली व माय!" फुलय काकू भिंतीला टेकून बसली होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. बा गप्प होता.

पथकानं काहीही चुकवलं नाही, हे मला आजही सांगायचं आहे. ते आधी गप्प माणसाकडे गेले. रामकलीताईंनी बाची हनुवटी वर केली, त्याच्या नाकाशी गाल नेला आणि दहापर्यंत मोजलं. काही नाही. पुन्हा हनुवटी वर केली, पुन्हा मोजलं. मग त्यांनी भुमकाबाबांकडे पाहिलं. बाबांनी पिशवीतून काळी फीत काढली. बाच्या मनगटाला त्यांनी गाठ मारली आणि ते तिघंही फुलय काकूकडे वळले.

"सोडा ना ती!" मी ओरडले आणि गाठीला हात घातला. माझ्या आत्यानं मला मागे ओढलं.

"बाबाची गाठ हाय, पोरी. अन् अंगात ईज हाय त्याच्या, हात नको लावू!"

तेवढ्यात डॉक्टरआजी दारात आल्या. त्यांनी बाचं मनगट पाहिलं.

"ही कोणी बांधली?"

"म्या," भुमकाबाबा म्हणाले. "श्वास नाही. नियमानं बांधली."

डॉक्टरआजी खाली बसल्या आणि त्यांनी बाच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. मला ते काही क्षण फार लांब वाटले.

"ठोका आहे!" त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण आहे. सुखलालजी, सोडा ती फीत. वीज पडली की क्रम उलटा होतो. ज्याचा श्वास थांबलाय त्याला काळी बांधून सोडायचं नाही, त्यालाच आधी मदत द्यायची. याला आत्ता श्वास हवाय, बाकी काही नको. माझा दम पुरायचा नाही, तुम्ही द्या."

"अंगात ईज हाय ना पण!" आत्या रडत म्हणाली.

"वीज अंगात थांबत नाही. पापणी लवायच्या आत ती जमिनीत गेली. मी धरलंय ना त्याला? मला काही झालं?"

भुमकाबाबा उभेच होते. वेळ न भरलेली गाठ त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती आणि सगळा ढाणा त्यांच्याकडे बघत होता. मग ते बाच्या शेजारी गुडघे टेकून बसले. बाच्या ओल्या मनगटावर फीत भिजून आवळली होती, बोटांना दाद देईना. बाबांनी वाकून ती दातांनी तोडली.

"आता काय करू?"

"नाक चिमटीत धरा, हनुवटी वर ठेवा, तोंडाला तोंड लावून फुंका. छाती उचलेल इतकंच. दर सहा सेकंदांनी एक."

मरतुकड्या न सांगता बाच्या शेजारी आडवा झाला. छाती किती उचलायला हवी ते तो स्वतःची छाती उचलून दाखवत होता आणि मोठ्यानं मोजत होता, "एक, दोन, तीन, चार, पाच, फुंका." भुमकाबाबा होळीच्या नाचात रात्रभर पावा वाजवणारे, त्यांचा दम मोठा. बबनूकाकांना झिंगी आजीकडे पाठवून रामकलीताईंनी बाच्या गळ्यावर बोटं धरून ठेवली.

मी श्वास मोजत होते. दहा झाले, वीस झाले. बा हलला नाही. तिसाव्याला बाबांना घाम फुटला होता, पण ते जागचे हलले नाहीत. छत्तिसाव्या श्वासानंतर बाच्या घशातून करवत ओढल्यासारखा आवाज आला.

"थांबा," डॉक्टरआजी म्हणाल्या.

आम्ही थांबलो. बानं आणखी एक श्वास घेतला. तो त्याचा स्वतःचा होता. मग आणखी एक.

मी मोठ्यानं रडले. मला लाज वाटली नाही, कारण रामकलीताईही रडत होत्या आणि भुमकाबाबा भिंतीला टेकून नुसते हसत होते. झिंगी आजीनं ओरडणं थांबवून विचारलं, "आता माह्याकडं तरी धड पाहाता का कोणी?" तेव्हा सगळा वर्ग हसला. इतकं हलकं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.

वीज थांबेपर्यंत रुग्णवाहिका उडणार नव्हती. बाला कुशीवर झोपवून आम्ही त्याच्याभोवती बसलो. भुमकाबाबांचा श्वास जागेवर आला आणि मग त्यांचा राग बाहेर पडला.

"बाई, गाठ माह्या हातची हाय. हा गेला असता तं म्या कोणाले तोंड दाखवलं असतं? मंग आमाले आधी काऊन नाही सांगितलं?"

डॉक्टरआजींनी मरतुकड्याला उठवून बसवलं. "आधी नीट बघा, मग मला बोला."

त्यांनी एक कळ दाबली. मरतुकड्याच्या छातीवरचे दोन्ही दिवे विझले. "वीज अंगातून गेली. हृदयही थांबलं, श्वासही थांबला." क्षणभरानं लाल दिवा आपोआप लागला. निळा मात्र तसाच राहिला.

"लाल कसा काय लागला?" मी विचारलं.

"हृदयात ठोका-पेशी असतात (हृदयाला आपलं आपण धडधडायला लावणाऱ्या पेशी). त्यांना कोणी हुकूम द्यावा लागत नाही. धक्का ओसरला की त्या पुन्हा कामाला लागतात. श्वासाचं तसं नाही. त्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रातून (श्वास घे, सोड असं सांगणाऱ्या भागातून) येतो. त्याला सावध व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो."

बबनूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "समजलं! लाइट जाऊन आली की घरातला बल्ब आपला आपण लागते. पण विहिरीवरची मोटर कोणी जाऊन स्टार्टर दाबल्याबिगर चालू होत नाही!"

"बबनूराव, हे माझ्या पुस्तकात असायला हवं होतं," डॉक्टरआजी म्हणाल्या. "आता लाल दिव्याकडे बघा."

लाल दिवा मंद होत होता. श्वास नाही म्हणून रक्तात प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही म्हणून हृदय थकत चाललं होतं. थोड्या वेळानं तोही विझला.

"मधल्या या थोड्या मिनिटांत दुसऱ्या कोणी श्वास दिला, तर श्वसनकेंद्र जागं होईपर्यंत माणूस तगून राहू शकतो. ठोकाही नसेल तर छातीही दाबायची. आणि विजेनंतर जो ओरडतोय, हलतोय, तो बहुतेक वेळा जगतो. त्याला दवाखान्यात न्यायचंच, पण तो थोडं थांबू शकतो. अपघातात, दरडीत असं नसतं. तिथे श्वास थांबतो तो बहुधा शरीर आतून मोडल्यामुळे. म्हणून क्रम उलटा."

मग त्या भुमकाबाबांकडे वळल्या. "सुखलालजी, चूक तुमची नाही, माझी आहे. मी तुम्हाला नियम पाठ करायला लावला, त्यामागचं कारण सांगितलं नाही. कारण ठाऊक असतं, तर नियम कुठे मोडायचा तेही तुम्हीच ओळखलं असतं."

बाबांनी तुटलेली फीत जमिनीवरून उचलली. "मंग आता बाकीच्या ढाण्यायले पहिले कारण सांगा, मंग फिती वाटा," ते म्हणाले. "अन् गाठ मारून दाखवाले म्या येतो. सोडून दाखवालेही."

साडेचारला आभाळ मोकळं झालं. चाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका पटांगणात उतरली आणि तिघांनाही घेऊन गेली. झिंगी आजी पहिल्यांदाच आकाशातून ढाणा बघणार होती, त्यामुळे पायाची आग विसरून तिनं खिडकीशेजारची जागा मागितली.

आता सहा महिने झालेत. भुमकाबाबा आणि मरतुकड्या अकरा ढाण्यांत जाऊन आले. चिखलीच्या एका पोरीनं बाबांना विचारलं, पाण्यात बुडालेल्याचा क्रम सुलटा की उलटा? त्यांनी तिलाच पथकात घेतलं आणि प्रश्न डॉक्टरआजींना कळवला. मी मोठी झाल्यावर श्वसनकेंद्राला लवकर कसं जागं करता येईल ते शोधणार आहे. डॉक्टरआजी म्हणतात, लवकर लाग कामाला, मी वाट बघतेय.

बाला डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं, बाकी तो ठणठणीत आहे. दुपारी जेवून तो मांडवाखाली आडवा होतो, आणि मला राहवत नाही. मी हळूच जाऊन त्याच्या नाकाखाली हात धरते. बोटांना गरम वारा लागतो, जातो, परत लागतो.

बा डोळे न उघडता म्हणतो, "चालू हाय, सोमती. जाय, खेळ."