यल्लप्पाचा राग

पंचांनी यल्लप्पाला बाद दिलं तेव्हा त्याचा पाय रेषेच्या चांगला वीतभर आत होता. मोठ्या पडद्यावर ते सगळ्या प्रेक्षागृहाला दिसलं. यल्लप्पाने पंचांकडे बघून किंचित मान लववली आणि तो कबड्डीच्या मॅटबाहेर जाऊन बसला. समोरच्या संघातल्या एकाने त्याला पाण्याची बाटली दिली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. गेल्या तीन हंगामांत प्रेक्षकांनाही याची सवय झाली होती.

'निदान दाद तरी मागायचीस,' त्याच्या संघाचे प्रशिक्षक मल्हारी इंगवले मनात म्हणाले.

हाच यल्लप्पा कोळी पूर्वी अशा निर्णयावर मॅट डोक्यावर घ्यायचा. एकदा तर त्याने पंचांचा जबडा फोडला होता. त्या वर्षी खेळाडूंच्या मारामाऱ्या, शिवीगाळ, पत्रकार मुलींशी असभ्य वागणं यांनी स्पर्धेची अब्रू पार वेशीवर टांगली होती. तेव्हा महासंघाने नियम केला, संयमक बसवल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही.

संयमक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र. ते कानामागे कातडीखाली बसवायचं. मेंदूत खोलवर बदामाएवढं एक केंद्र असतं. काही खुपलं, धोका दिसला, की आधी ते पेटतं आणि मग राग उसळतो. संयमक ती पहिली ठिणगी ओळखायचा आणि अर्ध्या सेकंदात सूक्ष्म विद्युतलहरींनी विझवायचा.

यल्लप्पा तयार नव्हता. मल्हारी स्वतः त्याच्या घरी गेले होते. "बंदी आली तर वीस वर्षांची मेहनत मातीत जाईल रे," त्यांनी समजावलं होतं.

"तुम्ही म्हणताय म्हणून बसवतो, आण्णा," असं म्हणून त्याने सही केली होती.

बाद झालेला यल्लप्पा पुन्हा मॅटवर आला होता. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात, खेळ संपायला सहा मिनिटं असताना, रफिक मुलाणीने समोरच्या चढाईपटूचा पाय धरला. रफिक आणि यल्लप्पा जत तालुक्यातल्या एकाच वाडीचे. एकाच ताटात जेवून वाढलेले. पकडीवर चौघे तुटून पडले आणि ढिगाऱ्याखाली रफिकची मान विचित्र मुडपली. चढाई संपल्याची पंचांची शिट्टी झाली. एकेक जण उठला, कपडे झटकून आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. रफिक तेवढा पालथाच राहिला.

मल्हारींना पलीकडच्या बाकावरून आधी काही दिसलंच नाही. दिसलं तसे ते धावत सुटले. "मान हलवू नका! स्ट्रेचर आणा!"

यल्लप्पा रफिकपासून दोन पावलांवर उभा होता, हात मागे बांधून. पुढच्या चढाईची वाट बघत.

"अरे, बघतोयस काय?" मल्हारी किंचाळले.

"पंचांनी अजून खेळ थांबवलेला नाही, आण्णा," तो शांतपणे म्हणाला.

मिरजेच्या रुग्णालयात रफिकचा जीव वाचला, पण मानेखालचं सगळं शरीर गेलं. आठव्या दिवशी तो बोलायला लागला तेव्हा मल्हारी उशाशी बसले होते.

"मी त्याला हाक मारली होती, आण्णा," तो छताकडे बघत म्हणाला. "यल्ल्या, मला श्वास घेता येईना, म्हणालो. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं पण."

मल्हारींना बसवेना. त्याच दुपारी ते यल्लप्पाला घेऊन मेंदूतज्ज्ञ डॉ. अनघा बेडेकरांकडे गेले.

"याच्या कानामागचं ते काढून टाका. आत्ताच्या आत्ता. स्पर्धा गेली खड्ड्यात."

डॉक्टरांनी तपासणी केली, पडद्यावरचे आकडे दोनदा पडताळले. मग हलकेच म्हणाल्या, "काढते. पण काही उपयोग होईल असं वाटत नाही. याच्या संयमकातली वीज आठ महिन्यांपूर्वीच संपली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते यंत्र बंद आहे. याच्या मेंदूनेच ती ठिणगी विझवायला शिकून घेतलंय. आणि फक्त रागाची ठिणगी नाही, मल्हारीराव. भीती, काळजी, कुणासाठी जीव कासावीस होणं, यांची वाटही त्याच केंद्रातून जाते. वाट वापरात नसली की बुजते."

"पुन्हा मोकळी होईल?"

"या वयात? मला खरंच माहीत नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात उन्हाची तिरीप आली होती. यल्लप्पा भिंतीला टेकून उभा राहिला. मल्हारींनी त्याला नाही नाही ते बोलून बघितलं. त्याच्या आईवरून बोलले, रफिकवरून बोलले. एकेकाळी यातल्या निम्म्या शब्दांवर त्याने समोरच्याला उचलून आपटलं असतं. तो नुसता ऐकत होता. शेवटी मल्हारींनी सगळा जोर लावून त्याच्या मुस्कटात मारली.

यल्लप्पाचा चेहरा एका बाजूला वळला. गालावर पाच बोटं उमटली. त्या हिसक्याने खाली पडलेला मल्हारींचा चष्मा त्याने उचलला, सदऱ्याने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"हाताला लागलं का, आण्णा?"

मल्हारी तिथेच बाकावर बसले आणि त्यांना हुंदका फुटला. इतक्या वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. जाणारे-येणारे थबकून बघू लागले, पण त्यांना आवरेना. ती सही त्यांनी स्वतः मागितली होती. पोरगं गुणी व्हावं, एवढंच तर त्यांना हवं होतं, आणि ते गुणी झालं होतं.

यल्लप्पा त्यांच्या शेजारी येऊन बसला. नवा डाव शिकताना तो असाच बसायचा, पुढे झुकून, डोळे न मिटता. तो त्यांचे थरथरणारे खांदे, ओले गाल निरखत राहिला. मग त्याने हळूच स्वतःच्या डोळ्याखाली बोट फिरवलं आणि कोरडं बोट उजेडात धरून पाहिलं.

"आण्णा," तो म्हणाला, "हे आतून कसं सुरू होतं?"

मल्हारींनी चटकन त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत नुसती चौकशी होती, की कुठेतरी खोल कुणीतरी बाहेर यायला धडपडत होतं?