गाडी जाईपर्यंत

वरात दिसली की सरिताच्या डोक्यात तिडीक जायची. उगाच नाही… दोन वर्षांपूर्वी पैठण गेटापाशी तिच्या वडिलांची अँब्युलन्स अशाच एका वरातीमागं अडकली होती. नाचणाऱ्यांना सायरन ऐकूच गेला नाही आणि घाटी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी स्कूटीपुढं पुन्हा वरात आली, तेव्हा तिनं हॉर्नवरचा अंगठा काही उचलला नाही.

आणि बँड एकाएकी गप्प झाला. लाल कोटातला एक तरुण ट्रम्पेट काखेत मारून तिच्यापाशी आला.

"मॅडम, हॉर्न तेवढा बंद करा. दवाखाना हाय इथं."

"आणि तुमचा एवढा बँड चालतो होय?"

"म्हणून तर थांबिवला. दवाखाना, मयतीचं घर, अँब्युलन्स… आमच्या बापाचा नेम हाय, तिथं वाजवायचं नाय. नवरदेव रुसला तर रुसू द्या म्हणतो." तो हसला. "तुमी रुसल्या तर मात्र अवघड हाय."

अगं बाई! पहिल्याच भेटीत असं बोलतं का कुणी? सरिता रागवायचंसुद्धा विसरली. दवाखाना मागं पडला, वरात पुन्हा सुरू झाली आणि त्यानं असा काही सूर लावला की तिच्या अंगावर काटा आला. पोरगी ध्वनिमुद्रण शिकलेली, कानाची पक्की. असा भरीव सूर तिनं पुण्यातसुद्धा ऐकला नव्हता. तिनं स्कूटी बाजूला लावली आणि चक्क त्याचा नंबर मागितला.

नंबराचं कारण कामाचंच होतं हं! गिटार वाजवणाऱ्या काकासाहेबांनी 'बावन्न दरवाजे' नावाचा वीस-बावीस जणांचा ताफा जमवला होता. गिटारी, सॅक्सोफोन, दोन-दोन ड्रमसेट. जाझ आणि रॉक एकत्र, आणि तेही स्टुडिओत नाही, लोकांसमोर एका दमात वाजवून त्याचा अल्बम काढायचा. ध्वनिमुद्रण सरिताकडं होतं. ट्रम्पेटवाले तेवढे कमी पडत होते.

तो लाल कोटवाला, देवगाव रंगारीचा इंद्रजीत, भावकीतल्या तिघांना घेऊन आला. चिकलठाण्याच्या एका रिकाम्या शेडमध्ये हिवाळाभर तालमी झाल्या.

"काकासाहेब म्हणत्यात, मनाला येईल तसं वाजव," एकदा चहा पिताना तो म्हणाला. "लग्नात तसं वाजवलं तर लोक मारत्यात, मॅडम."

"मग कसं वाजवणार?"

"तुमच्याकडं बघून."

"माझ्या तोंडावर काय सूर लिहिलेत?"

"लिहिलेलं लई हाय… मला थोडं थोडंच वाचता येतं."

ट्रम्पेटच्या तोंडाशी चिमट्याचा माईक ती स्वतः लावायची. वडिलांचं त्याला सांगावं असं तिला रोज वाटायचं… आणि रोज राहून जायचं.

ध्वनिमुद्रणाची संध्याकाळ आली. घाटीच्या रस्त्यालगतचं मैदान गच्च भरलं होतं. शेवटची रचना, शेवटी इंद्रजीत एकटा पुढं, मागं सगळा ताफा चढत चाललेला… आणि रस्त्यावर सायरन वाजला.

इंद्रजीतनं ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतलं. भावकीतल्या तिघांनीही घेतलं, सवयच ती! ड्रमवाले गोंधळले, थांबले. गिटारी थांबल्या. भरल्या मैदानात नुसता सायरन… जवळ आला, पुढं गेला, विरला. मिक्सरच्या दिव्यात सरिता घळाघळा रडत होती. मग इंद्रजीतनं तोच सोडलेला सूर पुन्हा उचलला आणि सगळा ताफा त्याच्यामागं धावला.

काकासाहेब मात्र संतापले. "लग्नाची वरात वाटली का तुला? ऐन भरात खड्डा पाडलास! सरिता, याचं सगळं काढून टाक. पुण्याहून दुसरा ट्रम्पेटवाला आणतो."

"चुकलं असंल," इंद्रजीत मान खाली घालून म्हणाला. "पन पुन्हा गाडी आली, तर पुन्हा थांबनार." आणि तो गेला. सरितानं केलेले फोनही त्यानं उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती कापायला बसली. जड हातानं तिनं फक्त त्याचा माईक ऐकायला घेतला. सूर तुटला. सायरन. श्वास. आणि मग अगदी हळू…

"जा बाई, नीट पोच…" सायरन विरत गेला. "सरिता रडायली… उगी गं, उगी. गेली गाडी."

तोंडावर सदा 'मॅडम' म्हणणारा माणूस! सरितानं ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि काकासाहेबांना बोलावून घेतलं.

"माझ्या बाबांच्या वेळी कुणीच थांबलं नव्हतं," ती म्हणाली. वडिलांचं सगळं तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. "ही शांतता मी कापणार नाही. कापायची असेल तर दुसरं माणूस बघा."

काकासाहेबांनी डोळे मिटून तो भाग ऐकला. "राहू दे," ते म्हणाले. "त्याचं सगळं राहू दे. आणि ती कुजबुज?"

"ती अल्बमला द्यायची नाही. ती माझी आहे."

दुपारच्या एसटीनं ती देवगावला उतरली. इंद्रजीत दारात बसून ट्रम्पेट पुसत होता. तिनं न बोलता त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, ते… माईक चालू हाय, हे ध्यानातच नाय राहिलं…"

"मॅडम कोण? त्यात काय म्हणालात?"

तो फडकं चुरगाळत राहिला. "सरिता," अखेर म्हणाला. "लई दिवसांपासून मनात म्हणतो."

"मग मोठ्यानं म्हणत जा." तिचे डोळे भरून आले. "मला तुम्ही हवे आहात, इंद्रजीत."

आत त्याचा बाप खोकला. मुद्दामच असावं ते. दोघंही हसली. मग रोज राहून गेलेलं वडिलांचं तिनं त्याला सांगितलं.

"पन तुला तर वरातीचा राग," तो म्हणाला. "आन् आमच्यात बँडाबिगर लगीन नाय. मधीच अँब्युलन्स आली, तर आपली वरातबी थांबवावी लागंल."

"तुमचा बँड मागून थांबेल," सरिता म्हणाली. "नवरी आधी थांबेल."