सव्वासातची बस

धावत येऊन ती बसमध्ये चढली, ती थेट दारात उभ्या असलेल्या तरुणावरच आदळली. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

"बारा," तो पुटपुटला.

"मला आकडा म्हणालात?"

"एसटीच्या ऑफिसातून आलोय. आठवडाभर माणसं मोजायचीत. पंचवीस भरली नाहीत, तर ही फेरी बंद."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी गावातली गिरणी बंद पडली, मग दवाखाना, मग कॉलेज. शहरात नर्सिंगचं पहिलं वर्ष ती या एकमेव बसच्या जिवावर करत होती.

"बस रोज पाऊण तास उशिरा येते, ते मोजता का?"

"ते... कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतेय!"

दुसऱ्या दिवसापासून तिने गल्ली पालथी घातली. शिंपीकाका, शेजारची मावशी — सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. पुढच्याच थांब्यावर उतरून मंडळी पायी घरी परतायची.

"मावशींना रोज कुठं जायचं असतं?" तो गालातल्या गालात हसला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही... तुम्ही कुठं उतरता, तेवढंच लक्षात राहतं माझ्या."

तिने तोंड फिरवलं. कान तापले होते — रागानेच, तिने स्वतःला बजावलं.

आठवड्याअखेर त्याने अहवाल दाखवला. उगाच चढणारे वगळून एकोणीस. खाली रोजच्या उशिराची नोंद, मिनिटांसकट.

"सहा माणसं वाढवता आली नाहीत?"

"खोटं पकडलं असतं, तर खरंही कुणी वाचलं नसतं."

साहेबांनी खरंही वाचलं नाही. थांब्यावर फेरी बंद होणार असल्याचा कागद लागला. गाव नुसतं हळहळलं.

"वीस वर्षं माना हलवत बसलात सगळे!" ती घरात कडाडली.

आईने माळ्यावरची बॅग काढली. म्हणाली, "तू नको बसूस. होस्टेलवर राहा."

शेवटच्या फेरीला तो आला.

"साहेबांशी भांडलो. बदली झालीय, लांब. पण रविवारी सुट्टी असते..."

"मग?"

"मला तुम्ही आवडता. भांडताना तर... फारच."

खिडकीबाहेर सारं गाव तिला निरोप द्यायला मुकाट उभं होतं. तिचे डोळे भरून आले. गावासमोर रडायचं नाही, म्हणून तिने ओठ आवळले. शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"बसा. पण माझा राग गेलेला नाही."

तो शेजारी टेकला. "जाऊ देऊ नका."