तिसऱ्या मजल्याचे क्यूब

"अहो, सांभाळा—!"

मी ओरडेपर्यंत काँक्रीटचा तो ओला क्यूब त्याच्या हातातून निसटून माझ्या चपलेशेजारी आदळलासुद्धा.

"फुटला नाही," तो वाकून बघत म्हणाला.

"आणि माझा पाय?"

तो इतका गोरामोरा झाला की मला हसूच फुटलं.

१९८४ साल. डिप्लोमा करून मी अंधेरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये लागले होते. हा जयवंत परब, मालाडला उभ्या राहत असलेल्या एका इमारतीचा सुपरवायझर. कॉलम ओतताना त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग आमच्या मशीनखाली दाबून फोडायचे. जितक्या भाराला फुटला, तो भार भागिले क्षेत्रफळ. उत्तर दीडशेच्या वर आलं की कॉलम पास.

"छत्तीस हजार किलो भागिले दोनशे पंचवीस... एकशेसाठ!" माझी पेन्सिल टेकायच्या आत तो सांगायचा.

"मग मला कशाला विचारता?"

"तुमच्या तोंडून 'पास' ऐकायला बरं वाटतं, मॅडम."

मॅडमची सुलक्षणा झाली, तुमचं तुझं झालं. तोही नोकरी सांभाळून परीक्षा देत होता. लॅबबाहेरच्या टपरीवर चहा निवेपर्यंत मी त्याला गणितं समजावायची.

"तीन मीटरची वीस मिलिमीटर जाडीची सळई, तीन टनांनी ओढली. किती वाढेल?"

त्यानं वहीवर आकडेमोड केली. "जेमतेम दीड मिलिमीटर? एवढंसंच? एवढा जोर लावून?"

"एवढंच. भार काढला की परत होती तशी."

"मी नाही गो होणार होतो तसा," तो वहीत बघतच म्हणाला. पाऊस पत्र्यावर वाजत होता... मी ऐकू न आल्यासारखं केलं. रात्रभर मात्र तेच ऐकत राहिले.

मग तिसऱ्या मजल्याचे क्यूब आले. त्याच्या आदल्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस लॅबमध्ये येऊन गेला होता. "रिपोर्ट जरा सांभाळून लिहा" म्हणाला होता.

पहिला क्यूब अठरा टनांवरच फुटला. दुसरा, तिसरा, तसेच. अठरा हजार भागिले दोनशे पंचवीस. ऐंशी.

जयवंत शेजारीच उभा होता. हळूच म्हणाला, "काय लिहिणार आहेस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणून येत होतास होय? चहा, गणितं... सगळं ह्या एका सहीसाठी?"

त्यानं फुटलेल्या क्यूबचे तुकडे बाजूला सारले. मग म्हणाला, "आलंय तेच लिही." आणि गेला.

मी तेच लिहिलं. आपण केवढ्या खऱ्या, या तोऱ्यात महिना काढला.

महिन्यानं इमारतीचे इंजिनिअर मार्तंड दिघे लॅबमध्ये आले. "तुमच्या रिपोर्टमुळे आठ कॉलम तोडले," ते म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टरनं लॅबसाठी चांगल्या मालाचे क्यूब वेगळे भरून ठेवले होते. तो परब— त्यानं ते फेकले आणि कॉलम ओतताना खऱ्या मालाचे भरलेले आणले. नोकरी गेली बिचाऱ्याची."

त्याच संध्याकाळी मी मालाडला, तो राहायचा त्या त्याच्या मामाच्या खोलीवर गेले. तो बॅगेला दोरी बांधत होता. शुक्रवारी मस्कत. तीन वर्षांचं काम.

"सांगितलं का नाहीस?" मी दारातूनच विचारलं.

"सांगायलाच आलेलो. तुझ्यावर कोणी दबाव तर आणला नाही ना, म्हणून आधी विचारलं, काय लिहिणार... तर तू सुरू झालीस."

"चुकले रे मी. मला तू आवडतोस, जयवंत. मी थांबेन तीन वर्षं."

त्यानं दोरीची गाठ घट्ट केली.

"मलाही तू आवडायचीस. खूप. रागबिग नाही आता." मग मान वर केली. "पण एका मिनिटात तू मला तसला ठरवलंस ना... ते जात नाही मनातून. उगाच थांबू नकोस."

स्टॉपपर्यंत तो सोडायला आला. मध्येच सर आली. एका छत्रीत चालताना दोघंही एकमेकांना धक्का लागू नये म्हणून आपापला खांदा भिजवत होतो.

बस आली. त्यानं छत्री माझ्या हातात दिली.

"घे. तिकडे पाऊस नसतो म्हणे."

मी घेतली. तिकडचा पत्ता माग, असं मन सारखं सांगत होतं. पण कोणत्या तोंडानं मागणार... कंडक्टरनं घंटी दिली, आणि तो भिजत उलटा फिरला.