वाढत्या मापाचे बूट

"हे स्केट्स कुणाचे?" त्यानं विचारलं.

"माझेच. म्हणजे... आधी ताईचे होते."

"आणि आत मोजे किती?"

"दोन जोड," मी पुटपुटले.

खरं तर मी दुकानात आले होते फक्त पात्यांना धार लावून घ्यायला. आइस हॉकीच्या संघाची निवड परवावर आली होती आणि डावीकडे वळताना मी हमखास आपटत होते. कोचबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं – परवा पडलीस तर यंदाचा संघ विसर. आणि हा धारवाला बघा, माझे बूट उलटेपालटे करत बसला होता!

"धार उत्तम आहे. पण तुमची टाच आत नाचतेय."

"अहो, आमच्या घरी बूट वाढत्या मापाचेच घेतात. पुढे अंगठाभर जागा ठेवून."

"पाय अजून वाढतोय का?"

"चोवीस वर्षांची आहे मी!" मी फणकारले. तो गालात हसला... आणि मेला हसताना छान दिसत होता.

त्यानं गुडघ्यावर बसून माझ्या पायांचं माप घेतलं आणि एक जोड आणला. चक्क दीड नंबर लहान!

"बोटं काय खिशात ठेवू?"

"उभ्या राहा. बोटं पुढे टेकली? आता गुडघे वाकवा."

वाकवले. टाच मागे सरकून अशी काही घट्ट बसली, की मी बोलायचीच थांबले. असं क्वचितच होतं.

मग त्यानं बूट छोट्या भट्टीत गरम करून मऊ केले, माझ्या पायात चढवले, लेस बांधली. "पंधरा मिनिटं हलायचं नाही. गार होताना बूट पायाचा आकार घेतो."

पंधरा मिनिटं! तो समोर स्टुलावर बसून, मान वाकडी करून निरखत होता. इतकं मन लावून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं – आणि हा तर नुसते घोटे बघत होता!

निवडीच्या दिवशी मी सात वेळा डावीकडे वळले. एकदाही पडले नाही. संघात घेतलं मला! सोमवारी निघायचं, तीन महिन्यांच्या शिबिराला. खरं तर नाचायला हवं होतं. पण रविवारी सकाळीच मी त्याच्या दुकानात हजर.

"डावा टोचतोय," मी ठोकून दिलं.

त्यानं बूट चारी बाजूंनी दाबून पाहिला. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"अं... नाही."

"बूट तर छान बसलाय. मग टोचतंय काय?"

"उद्या जातेय मी. तीन महिने तुम्ही दिसणार नाही – ते टोचतंय."

बोलून गेले खरी, पण कान तापले माझे. तो कितीतरी वेळ माझी लेस सोडत राहिला. सुटलेलीच होती ती.

"महिन्याभरात लेस झिजेल," तो शेवटी म्हणाला. "नवी लागेल."

"पोस्टानं येते ना?"

"येते. पण मी घेऊन येईन... चालेल तुला?"

तुला!

"चालेल," मी म्हणाले. "लवकर ये."